गर्दीत शिरलेला परका कण आणि लेव्ह लँडाऊ

तुमच्या फोनला ओएलईडी स्क्रीन असेल, तर हे वाचताना त्या स्क्रीनच्या आत एक गंमत चालू आहे. तिथल्या सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांमधून विद्युतभार पुढे सरकतो, पण तो एकटा सरकत नाही. भार ज्या रेणूवर येतो तो रेणू जरासा वाकतो, आजूबाजूचे रेणूही थोडी जागा बदलतात, आणि मग भार अधिक हा वाकलेला परिसर असं मिळून एक गाठोडं तयार होतं. पुढच्या रेणूवर उडी मारायची तर हे सगळं गाठोडं घेऊनच मारावी लागते. या गाठोड्याला पोलॅरॉन म्हणतात.

ही कल्पना पहिल्यांदा कागदावर मांडणारा माणूस तेव्हा २५ वर्षांचा होता. साल १९३३, गाव खारकिव्ह, नाव लेव्ह लँडाऊ. शोधनिबंध जेमतेम एक-दीड पानांचा.

मी दिवसभर सर्व्हरचा कोड लिहितो, फिजिक्स हे माझं काम नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फर्मी लेव्हल चार मार्कांसाठी पाठ केली होती, तेवढाच काय तो संबंध. पण लँडाऊचं आयुष्य आणि त्याचा हा एक विचार वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की आपण सॉफ्टवेअरवाले ज्याला अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणतो, ती गोष्ट या माणसाने निसर्गाच्या बाबतीत करून दाखवली. म्हणून आज त्याची गोष्ट.

बाकूचा पोरगा

लँडाऊचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकूमध्ये झाला. आजच्या अझरबैजानची ही राजधानी, तेव्हा रशियन साम्राज्यातलं तेलाचं शहर. वडील पेट्रोलियम इंजिनिअर, आई डॉक्टर. पोरगा गणितात इतका पुढे, की १४व्या वर्षी बाकू विद्यापीठात दाखल झाला. १९२४ मध्ये तो लेनिनग्राडला गेला आणि १९२७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला, म्हणजे वयाच्या १९व्या वर्षी.

हा काळ समजून घ्या. क्वांटम मेकॅनिक्स नुकतंच जन्माला आलं होतं. १९२९ मध्ये लँडाऊ युरोपात फिरायला निघाला आणि कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे पोचला. पुढे आयुष्यभर त्याने बोर यांनाच आपले गुरू मानलं. याच दौऱ्यात, १९३० मध्ये, त्याने धातूंमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला कसा प्रतिसाद देतात याचं गणित मांडलं. ते आजही त्याच्या नावाने शिकवतात.

त्याच्या स्वभावाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. तो भौतिकशास्त्रज्ञांना नंबर द्यायचा, आणि तेही लॉगॅरिदमिक स्केलवर. नंबर एकने वाढला की योगदान दहापटीने कमी. आइनस्टाइनला त्याने ०.५ दिला, बोर, हायझेनबर्ग आणि डिरॅक यांना १, आणि स्वतःला २.५. पुढे स्वतःचा नंबर सुधारून २ केला. म्हणजे माणूस तिखट, पण आपली जागा ओळखून होता.

१९३२ मध्ये तो खारकिव्हला आला. तिथे त्याने विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षा सुरू केली, तिला थिऑरेटिकल मिनिमम म्हणत. एकूण नऊ पेपर, सुरुवात गणितापासून. १९३४ ते १९६१ या काळात फक्त ४३ जण ही परीक्षा पूर्ण पास झाले. याच काळात एव्गेनी लिफशिट्झसोबत त्याने पाठ्यपुस्तकांची मालिका सुरू केली. ती पुढे दहा खंडांची झाली आणि जगभरचे विद्यार्थी अजून ती वापरतात.

फर्मीचा समुद्र म्हणजे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्यासाठी आधी एक नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा.

नियम साधा आहे : एका खुर्चीवर एकच माणूस. पहिली रांग सगळ्यात कमी ऊर्जेची, मागची जास्त ऊर्जेची. प्रेक्षक पुढून भरत येतात. समजा ३० रांगा भरल्या आणि मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या. आता पाचव्या रांगेतल्या माणसाला शेजारी सरकायचं असेल तर? सरकता येणार नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या आहेत. हालचाल करायला मोकळीक आहे ती फक्त तिसाव्या रांगेच्या आसपासच्यांना, कारण त्यांच्या मागे रिकामी जागा आहे.

इलेक्ट्रॉन असेच वागतात. एका क्वांटम अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम. असं वागणाऱ्या कणांना फर्मिऑन म्हणतात आणि खालपासून भरत आलेल्या या अवस्थांना फर्मीचा समुद्र. जिथे भरलेल्या रांगा संपतात ती समुद्राची पातळी. तांब्याच्या तारेत ही पातळी किती वर असते? तिथल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सांगायची तर सुमारे ८० हजार केल्विन भरते. आपल्या खोलीचं तापमान ३०० केल्विन. म्हणजे खोलीतली उष्णता या समुद्रावर फक्त वरच्या वर बारीक तरंग उठवते. आत खोलवर सगळं जागच्या जागी.

आता प्रश्न असा : या भरलेल्या समुद्रात एक परका कण टाकला तर काय होईल?

प्रश्न वाटतो साधा, पण हिशोब भयानक आहे. एका घन सेंटीमीटर तांब्यात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात सुमारे ८.५ गुणिले १० चा २२वा घात. परका कण एकाला ढकलतो, तो दुसऱ्याला, दुसरा परत आपल्या कणाला. आणि हे क्वांटम जग असल्याने सगळ्या शक्यता एकाच वेळी मोजाव्या लागतात. फक्त ३०० कण घ्या, प्रत्येकाच्या दोनच अवस्था धरा, तरी एकूण शक्यता २ चा ३००वा घात होतात. दृश्य विश्वात असलेल्या अणूंपेक्षाही हा आकडा मोठा आहे. कुठलाही सर्व्हर आणा, हे ब्रूट फोर्सने होणार नाही.

लँडाऊचं उत्तर : गाठोडं बांधा

लँडाऊने १९३३ मध्ये जे पाहिलं ते असं. स्फटिकात शिरलेला इलेक्ट्रॉन स्वतःभोवतीच्या अणूंना ओढतो किंवा ढकलतो. त्यामुळे त्याच्याभोवती एक खळगा तयार होतो आणि तो स्वतःच त्या खळग्यात बसतो. मग वेगळा इलेक्ट्रॉन आणि वेगळा स्फटिक असं कशाला मोजायचं? दोन्ही मिळून एकच वस्तू समजा. सोलोमन पेकार या कीव्हच्या शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये तिला पोलॅरॉन हे नाव दिलं. १९४८ मध्ये लँडाऊ आणि पेकारने मिळून या वस्तूचं वजन काढलं. ते मूळ इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त येतं, कारण तो आता परिसर सोबत ओढत चाललेला असतो.

लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेव चालताना पाहिलाय? एरवी तो दहा सेकंदांत स्टेजवर पोचला असता. पण मामा, मित्र, फोटोग्राफर आणि पाया पडायला आलेली पोरं हे सगळं कोंडाळं त्याच्यासोबत सरकतं. लांबून पाहणाऱ्याला एक मोठा, जरा मंद चालणारा ठिपका दिसतो. त्या ठिपक्याचा वेग आणि दिशा सांगायची तर आत कोण कुणाच्या खांद्यावर हात ठेवून आहे हे कळायची गरज नाही. भौतिकशास्त्रात अशा ठिपक्याला क्वासीकण म्हणतात, म्हणजे कणासारखं वागणारं गाठोडं. त्याच्या नव्या वजनाला प्रभावी वस्तुमान म्हणतात.

आपण कोड लिहिताना हेच करतो. आतला पसारा एका ऑब्जेक्टमध्ये बंद करायचा आणि बाहेरून दोन-तीन आकडेच दिसू द्यायचे. फरक एवढाच, की आपण ते सोयीसाठी करतो. लँडाऊने दाखवलं की निसर्ग स्वतःच असं वागतो, आणि कुठल्या अटींवर वागतो तेही सांगितलं.

एक वर्ष तुरुंगात

ही गोष्ट इथेच संपली असती, कारण मध्ये १९३७-३८ साल आलं.

स्टालिनच्या राजवटीत तेव्हा अटकसत्र सुरू होतं. खारकिव्हच्या संस्थेतले लँडाऊचे सहकारी पकडले गेले. त्यांतल्या लेव्ह शुबनिकोव्ह या नामांकित प्रयोगकर्त्याला नोव्हेंबर १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. लेनिनग्राडच्या दिवसांपासूनचा मित्र मात्वेई ब्रॉनस्टाइन फेब्रुवारी १९३८ मध्ये तसाच गेला. लँडाऊ तोपर्यंत मॉस्कोला प्योत्र कापित्सा यांच्या संस्थेत आला होता. पण तो गप्प बसला नाही. मोइसेई कोरेट्स या मित्रासोबत स्टालिनविरोधी पत्रक तयार करण्यात त्याचा हात होता. २७ एप्रिल १९३८ रोजी त्याला अटक झाली.

कापित्सांनी दुसऱ्याच दिवशी थेट स्टालिनला पत्र लिहिलं. त्या काळात अटक झालेल्या माणसाचं नाव घेणंसुद्धा धोक्याचं होतं. उत्तर आलं नाही. जवळपास एक वर्षाने, एप्रिल १९३९ मध्ये, त्यांनी मोलोटोव्हला लिहिलं. मुद्दा असा, की द्रवरूप हेलियममध्ये मला काहीतरी नवं सापडलंय आणि ते उलगडू शकेल असा माणूस तुमच्या तुरुंगात आहे. शेवटी कापित्सांनी लँडाऊच्या वागण्याची वैयक्तिक हमी लिहून दिली आणि २९ एप्रिल १९३९ रोजी तो सुटला. सुटला म्हणजे या हमीवर सुटला. त्याच्यावरची केस अधिकृतपणे बंद झाली ती १९९० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त काय अडतं, तर कापित्सांचा हिशोब. त्यांच्याकडे अधिकार नव्हता. त्यांनी फक्त आपलं नाव पणाला लावलं. ते तसं करायला धजावले नसते, तर पुढचं काहीच झालं नसतं.

कर्ज फेडलं

कापित्सांनी १९३७ च्या शेवटी पाहिलं होतं, की २.२ केल्विनच्या खाली द्रव हेलियम घर्षणाशिवाय वाहतं. अतितरलता म्हणतात ती हीच. सुटकेनंतर दोन वर्षांत, १९४१ मध्ये, लँडाऊने त्याचं स्पष्टीकरण दिलं. त्याने प्रत्येक अणूचा माग काढला नाही. पूर्ण द्रवात उठणाऱ्या सामूहिक तरंगांनाच त्याने कण मानलं. एखादी वस्तू या द्रवातून ठरावीक वेगापेक्षा हळू जात असेल, तर तिला असा एकही तरंग उठवता येत नाही, आणि तरंग नाही म्हणजे अडथळाही नाही. परक्या वस्तूने द्रवाला विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर, इतकं ते स्वच्छ होतं.

१९४८ मध्ये त्याने इसाक पोमेरान्चुकसोबत पुढचं पाऊल टाकलं. नेहमीच्या हेलियम-४ मध्ये हेलियम-३ चे थोडे अणू मिसळले तर? त्यांचं उत्तर : प्रत्येक हेलियम-३ अणू भोवतालचा द्रव सोबत घेऊन क्वासीकणासारखा फिरेल. आज आपल्याला मोजून माहीत आहे, की त्या अणूचं प्रभावी वस्तुमान मूळ वजनाच्या सुमारे २.४ पट असतं.

याचा उपयोग काय, असं विचाराल. क्वांटम कॉम्प्युटरचे ते सोनेरी झुंबरासारखे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते झुंबर म्हणजे मुळात डायल्यूशन रेफ्रिजरेटर. हेलियम-३ आणि हेलियम-४ च्या मिश्रणावर ते चालतं आणि चिपला केल्विनच्या शंभराव्या भागाच्या आसपास थंड ठेवतं. हेलियम-४ मध्ये फिरणारे हे परके अणू नसते तर अशा चिप चाललीच नसत्या.

पण हेलियम-३ चे अणू फर्मिऑन असतात. शुद्ध हेलियम-३ चा द्रव म्हणजे अणूंचाच फर्मी समुद्र, आणि त्यात सगळे एकमेकांना जोरात ढकलतात. मग क्वासीकण तिथे टिकेल कसा? १९५६-५७ मध्ये लँडाऊने फर्मी द्रवाचा सिद्धांत मांडून याचं उत्तर दिलं. आपलं नाट्यगृह आठवा. दोन कणांची टक्कर व्हायची तर टकरीनंतर दोघांनाही रिकामी खुर्ची हवी. समुद्राच्या पातळीजवळ अशा रिकाम्या खुर्च्या फार कमी. तापमान दहापट कमी करा, टकरी शंभरपट कमी होतात. म्हणजे गर्दी जितकी थंड, तितका गाठोड्याचा प्रवास निवांत. गर्दीच कणाला टकरीपासून वाचवते!

धातूतून वीज इतक्या सहज का वाहते याचं उत्तर यातच आहे. १९७५ मध्ये सेरियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं एक संयुग सापडलं. त्यात इलेक्ट्रॉन असे वागतात की जणू त्यांचं वजन शेकडो पटींनी वाढलंय. तिथेही लँडाऊचंच गणित लागू पडलं, फक्त वजनाचा आकडा बदलला.

बर्फाळ रस्ता

लँडाऊ सोव्हिएत अणुबॉम्ब प्रकल्पाच्या गणितातही होता, मनाविरुद्ध. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि लँडाऊ त्या कामातून बाहेर पडला.

७ जानेवारी १९६२ रोजी मॉस्कोहून दुबनाला जाताना बर्फाळ रस्त्यावर त्याची गाडी ट्रकवर आदळली. कित्येक आठवडे तो बेशुद्ध होता. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी धडपड करून औषधं पाठवली आणि तो वाचला. त्याच वर्षी त्याला द्रव हेलियमच्या कामासाठी नोबेल मिळालं. तब्येतीमुळे स्टॉकहोमला जाता आलं नाही, स्वीडनच्या राजदूतांनी मॉस्कोत येऊन ते दिलं. पण भौतिकशास्त्राचं काम तो पुन्हा करू शकला नाही. फर्मी द्रवात एक वेगळाच ध्वनी असेल असं भाकीत त्याने १९५७ मध्ये केलं होतं. ते १९६०च्या दशकाच्या मध्यावर प्रयोगात खरं ठरलं, तेव्हा तो हयात होता, पण त्या चर्चेत नव्हता. १ एप्रिल १९६८ रोजी, ६०व्या वर्षी, तो गेला.

त्याच्यानंतर

लँडाऊ गेला त्याच्या आदल्या वर्षी, १९६७ मध्ये, फिलिप अँडरसनने एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. परका कण अगदी जड असेल आणि जागचा हलतच नसेल, तर गाठोडं तयारच होत नाही. समुद्रातला प्रत्येक कण जरा जरा सरकतो आणि समुद्र जितका मोठा, तितकी नवी अवस्था जुन्या अवस्थेपासून पूर्ण वेगळी होत जाते. म्हणजे हलणारा पाहुणा सामावला जातो, आणि खांबासारखा रोवून बसलेला पाहुणा सगळी बैठकच बदलून टाकतो.

मग स्वच्छ प्रयोग कधी झाला? २००९ मध्ये, अमेरिकेच्या एमआयटीत मार्टिन झ्विअरलाइन यांच्या गटाने. त्यांनी लिथियम-६ च्या अणूंचा ढग शून्य केल्विनच्या अगदी जवळ नेला. बहुतेक अणू एका स्पिनचे, म्हणजे समुद्र, आणि मोजके दुसऱ्या स्पिनचे, म्हणजे परके. रेडिओ लहरींनी त्या परक्यांची ऊर्जा तपासली तेव्हा एक टोकदार शिखर दिसलं. हेच ते गाठोडं, फर्मी पोलॅरॉन. आकर्षण क्वांटम नियमांत शक्य तितकं जोरदार असताना परक्या कणाची ऊर्जा समुद्राच्या पातळीच्या ऊर्जेच्या सुमारे ०.६ पट खाली उतरते आणि त्याचं वजन सुमारे १.२ पट होतं. आकर्षण आणखी घट्ट केलं की तो समुद्रातला एकच जोडीदार पकडतो आणि रेणू बनवतो, गाठोडं संपतं.

२०१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये लिथियमच्या समुद्रात पोटॅशियमचे अणू टाकून उलटा प्रकार पाहिला गेला. तिथे परका कण समुद्राला दूर ढकलत असूनही गाठोडं बराच वेळ टिकलं. २०१७ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी मॉलिब्डेनम डायसेलेनाइडच्या जेमतेम तीन अणूंइतक्या जाडीच्या थरात प्रकाशाने तयार झालेला कण इलेक्ट्रॉनच्या समुद्रात तसाच वागताना दाखवला. भविष्यातल्या प्रकाश-इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी असे थर तपासले जात आहेत.

थोडक्यात सांगायचं तर परका कण गर्दीत शिरला की तो पहिल्यासारखा राहत नाही, आणि गर्दीही राहत नाही. दोघं मिळून एक नवी वस्तू होते. ती थोडी जड असते, थोडी मंद असते, पण तिचा हिशोब मांडता येतो. लँडाऊने हे २५व्या वर्षी ओळखलं, आणि तुरुंगातून बाहेर आल्यावर त्याला पूर्ण सिद्धांताचं रूप दिलं. ओएलईडी स्क्रीन, तांब्याची केबल, क्वांटम चिपचा फ्रिज, या तिन्हींचं गणित करताना आजही लोक त्याच्याच पद्धतीने गाठोडं बांधतात आणि मग मोजायला बसतात.